ट्रस्ट राहू द्या, आधी पत्नीच्या डोक्यावरचं छप्पर बघा

प्रश्न : वय 66, पत्नी 61. पुण्यात राहतो. मुलगा-मुलगी दोघंही कमावते. 80 लाखांचा फ्लॅट गेल्या वर्षी मुलाला बक्षीसपत्राने दिला, मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये पडलं. मुदत ठेवी 35 लाख, म्युच्युअल फंड 15 लाख. ठेवी मुलीला आणि फंड मुलाला, असं मृत्युपत्र करायचं आहे. पेन्शन नगण्य, खर्च महिना 38 हजार. सल्लागार म्हणतात, सव्वा लाखात फॅमिली ट्रस्ट करा, सोबत वर्षाला 2 लाख हप्त्याची दहा वर्षांची विमा पॉलिसी घ्या. घ्यावी का? आणि ‘व्हेंटिलेटर नको’ हे मृत्युपत्रातच लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ट्रस्ट नको, पॉलिसी तर मुळीच नको. 35 लाखांवर व्याज येणार वर्षाला 2 लाख 40 हजारांच्या आसपास. त्यातले 2 लाख हप्त्यात घातल्यावर घर कशावर चालवणार? 66 व्या वर्षी, मुलं दोघंही कमावती असताना विमा विकणाऱ्याला फक्त त्याचं कमिशन दिसतंय. ट्रस्ट, म्हणजे वारसांसाठी मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात ठेवणं, लागतो तो दिव्यांग मूल किंवा अल्पवयीन वारस असलेल्या घरात.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या वाटणीत पत्नी कुठेच नाहीत. तुमच्यामागे घर मुलाचं, ठेवी मुलीच्या, फंड मुलाचे. एकटीचा खर्च 27 हजार धरला तरी वर्षाला सव्वातीन लाख. व्याज महागाईत गेलं असं समजा, तर 50 लाख जेमतेम पंधरा वर्षं पुरतात. म्हणजे सगळं त्यांना दिलं तरी ओढाताणच, आणि तुम्ही त्यांना काहीच देत नाही आहात. ‘मुलं बघतील’ या भरवशावर पंचवीस वर्षांचं आयुष्य सोडू नका.

फ्लॅटचं दुखणं मोठं आहे. नोंदवलेलं बक्षीसपत्र एकतर्फी रद्द होत नाही. मुलाने सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द करून घेण्यासाठी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे, पण सांभाळ करण्याची अट दस्तात नसेल तर ते भांडण लांबतं. दस्त आज काढून वाचा. शिवाय 200 रुपयांची सवलत मुलांकडे जाताना आहे; मुलाने आईला परत बक्षीस दिलं तर 3 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार, वर स्थानिक अधिभार. आणि देव न करो, मुलगा आधी गेला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे फ्लॅट त्याची पत्नी, मुलं आणि आई यांच्यात समान वाटला जाईल. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येतच नाहीत.

म्हणून मुलाशी याच आठवड्यात बोला. आईवडिलांना हयातभर राहण्याचा हक्क देणारा दस्त वकिलाकडून लिहून घ्या आणि नोंदवा. मुलाने स्वतःचं मृत्युपत्रही करावं.

तुमच्या मृत्युपत्रात ठेवी आणि फंड आधी पत्नीला द्या. त्या तुमच्या आधी गेल्या तर मुलांना, असं स्पष्ट लिहा. यादीत न आलेली मालमत्ता कोणाची, हेही लिहा, नाहीतर नंतर उघडलेल्या एका खात्यावरून वाद होतो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे; तुमची सही त्यांच्यासमोर झाली पाहिजे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. ठेवी पत्नीसोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) पद्धतीच्या करा आणि फंडांवर नॉमिनी त्यांनाच ठेवा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय.

व्हेंटिलेटरचं मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, ते उघडतं तुमच्या पश्चात. त्यासाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने ते मान्य झालं आणि जानेवारी 2023 पासून पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही, आणि तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय घेणाऱ्यांची नावं. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या, एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. पत्नीचंही वेगळं करा, आणि त्यात कोणाची नावं घालायची ते त्यांना ठरवू द्या.