तब्येत सुधारायच्या नादात धीर सुटतो आणि स्वतःवरचा विश्वासच उडालाय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, आयटीत नोकरी, राहायला सातव्या मजल्यावर, वजन ९४, ते ७० वर आणायचंय. तीन वर्षांत चार वेळा जिम लावली आणि चारही वेळा महिन्याच्या आत सोडली. दोन आठवडे झाले की काट्यावर काही फरक दिसत नाही मग मूडच जातो, आणि आता परत सुरू करायचं म्हटलं की आतून आवाज येतो, राहू दे, तुझ्याच्याने व्हायचं नाही.

तुला अरे-तुरे करते, राग मानू नको, माझा भाचा तुझ्याएवढा आहे. मी ४६ वर्षांची, पुण्यात एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्ची आणि मार्च एंडला रात्री नऊपर्यंत खुर्ची. मी काही डॉक्टर नाही का ट्रेनर नाही. पण तुझ्या चार जिमना माझ्याकडे तोडीस तोड आहे. वर्षाची फी एकरकमी भरून अकरा दिवस गेलेली जिम, एक आठवडा फक्त फळं आणि कोबीचं सूप (आठव्या दिवशी मी उभ्या उभ्या चार पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप ओतून), पाच हजाराचे बूट जे आता मुलगा घालतो, आणि "सोमवारपासून नक्की" हे तर इतक्या वेळा म्हणून झालंय की घरात तो जोकच झाला होता. मी डाएट हा शब्द उच्चारला की आमचे अहो विचारायचे, कुठला सोमवार?

मग एकदा ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठाच, ६.५ पासून पुढे डायबेटिस. माझ्या बाबांना वीस वर्षं शुगर होती, शेवटी शेवटी पायाची जखम भरायची नाही ते सगळं मी जवळून बघितलंय त्यामुळे तो आकडा बघून पोटात गोळा आला. तर सुरुवात अशी भीतीपोटी झाली, काही उदात्त वगैरे नव्हतं.

आता तुझं काट्याचं दुखणं. ते मला चांगलंच माहितीये कारण मी नवा डिजिटल काटा आणला आणि रोज सकाळी त्याच्यावर उभी राहायला लागले, देवाला नमस्कार नंतर आणि काटा आधी. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी ७७.१ होतं. त्या दिवशी नात्यातलं लग्न होतं, मसालेभात, मठ्ठा, दोन जिलब्या, पापड, लोणचं, सगळं जेवले पण बेताने जेवले हं. शुक्रवारी सकाळी काटा म्हणतो ७८.५. एका रात्रीत एक किलो चारशे ग्रॅम! तीन आठवडे पहाटे उठले ते पाण्यात गेलं असं वाटून त्या दिवशी ऑफिसात कोणाशी धड बोलले नाही आणि संध्याकाळी येताना वडापाव घेतला, दोन घेतले, म्हटलं नाहीतरी काय फरक पडतोय.

पण मी हिशोबातली बाई आहे, टॅली झालं नाही की मला झोप लागत नाही. रात्री बसून आकडेमोड केली. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे १.४ किलो चरबी वाढायला रोजच्या जेवणाच्या वर जवळजवळ पावणेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. एक पोळी ११० ची धरली तरी झाल्या अठ्ठ्याण्णव पोळ्या. मी लग्नात काय अठ्ठ्याण्णव पोळ्या खाल्ल्या? मग ते वाढलं काय? तर पाणी. लोणचं-पापडाचं मीठ पाणी धरून ठेवतं, आणि भात-जिलबीची साखर शरीर ग्लायकोजेन करून स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. शिवाय पोटातलं अन्न. आम्हा बायकांचं महिन्याचं चक्र असतं त्यात अजून वेगळं वर-खाली होतं. दोन-तीन दिवसांत काटा आपोआप खाली आला, मी काही न करता. आणि बरं का, हेच उलटं पण होतं, डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे तीन किलो "उतरतात" आणि लोक स्टेटस टाकतात त्यातलं बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा अडकला असं वाटतं आणि तू नेमका तिथेच जिम सोडतोस. तू सोडलीस तेव्हा कदाचित खरी चरबी उतरायला नुकती सुरुवात झाली असेल.

दुसरी चूक तर याहून भारी. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला कुठला धीर, दीड महिन्यात स्वतःच लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आले. ६.२. दीड महिना साखरेचा चहा सोडून, पहाटे उठून, पॉइंट एक! रिपोर्ट घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले तर त्या हसल्या. म्हणाल्या, अहो लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजतोय आपण, तुमच्या रक्तात अजून जुन्या दिवसांच्या पेशी फिरतायत, त्यांचा राग आजच्या बाईवर कशाला काढता?

मला ते एकदम पटलं. म्हणजे धीर धर धीर धर असं सगळे सांगतात पण किती धरायचा ते कोणी सांगत नाही. प्रत्येक गोष्टीची तारीख वेगळी असते. दम लागणं महिन्याभरात कमी होतं, वजनाचं खरं चित्र महिना-दोन महिन्यांच्या सरासरीत दिसतं, रक्ताचं तीन महिन्यांनी. एफडी मोडायला रोज काउंटरवर येणारा सभासद असतो ना आमच्याकडे, व्याज कुठंय व्याज कुठंय करत, तशी मी झाले होते.

आता विश्वासाचं, कारण खरा प्रश्न तुझा तोच आहे.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, पत. चार वेळा हप्ते बुडवलेला माणूस परत मोठं कर्ज मागायला आला तर आम्ही देत नाही. तो वाईट माणूस असतो असं काही नाही, पण रेकॉर्ड बोलतं. तुझा तो आतला आवाज म्हणजे आमची कर्ज समिती आहे. तो तुझा दुश्मन नाहीये, तो फक्त तुझं जुनं रेकॉर्ड वाचून दाखवतोय, आणि त्याच्यापुढे तू कितीही मोटिवेशनल व्हिडिओ लावलेस तरी तो म्हणणार कागद दाखवा. आणि तू काय करतोस, प्रत्येक वेळी अजून मोठं कर्ज मागतोस. रोज दीड तास जिम, साखर बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सगळं एकाच सोमवारपासून.

ज्याची पत नाही त्याने काय करायचं? पिग्मी लावायची. माहितीये ना पिग्मी, एजंट रोज दुकानात येतो आणि वीस-पन्नास रुपये घेऊन पावती देतो. आमच्याकडे एक भाजीवाल्या मावशी आहेत, सुरुवात रोजच्या वीस रुपयांनी, कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, आज त्यांच्या शब्दावर आमचे मॅनेजर पटकन सही करतात, कारण सहा वर्षांच्या पावत्या आहेत. रक्कम कोणी बघत नाही रे, नियमितपणा बघतात.

माझी पिग्मी होती पर्वती, पुण्यातली देवळाची टेकडी. घरापासून जवळ, १०३ पायऱ्या. ठरवलं इतकंच की आठवड्यातले पाच दिवस पायथ्याशी जायचं आणि एकदा वर चढून यायचं, राउंड मोजायचे नाहीत, टायमिंग लावायचं नाही. पहिल्या दिवशी तीनदा बसले. कठड्याला धरून उभी होते आणि शेजारून सत्तरीचे एक आजोबा मोजे-बूट घालून झपझप, परत खाली, परत वर. मला लाज वाटली आणि मनात म्हटलं नानासाहेब पेशव्यांना देऊळ बांधायला सपाटीवर जागा नव्हती का. पण वर गेले. खाली आले. पावती जमा.

आणि मग साधारण पाचव्या आठवड्यात, बहिणीचा फोन आला म्हणून बोलत बोलत चढत होते, तिच्या सुनेचं काहीतरी चाललं होतं त्यामुळे मी पण रंगले होते, आणि बघते तर वर देवळाशी! एकदाही बसले नव्हते आणि बोलताना धापही लागली नव्हती. वजन तेव्हा फक्त दीड किलो कमी होतं. पण त्या दिवशी आतल्या कर्ज समितीने पहिल्यांदा मान हलवली. माझी भाची सायकॉलॉजी शिकते, तिला हे सांगितलं तर म्हणाली मावशी अल्बर्ट बँड्युरा नावाच्या माणसाने १९७७ सालीच हे मांडलंय, की मला जमेल ही भावना सगळ्यात पक्की कशाने होते तर स्वतः ते एकदा करून दाखवल्याने, दुसऱ्याने पाठ थोपटल्याने तेवढी होत नाही. आपल्यासारख्याच माणसाला जमताना बघितलं तरी होते, म्हणून ते सिक्स पॅकवाले रील बघणं सोड, तुझ्याच ऑफिसातला कोणी ढेरीवाला रोज जेवणानंतर फिरत असेल तर त्याला गाठ.

खाड्याचं राहिलंच. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्यावर दुधाचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे मी मांडते, त्याच्याच खाली माझी टिकमार्क सुरू केली. मावशी महिन्यात तीन-चार खाडे करतात. आपण त्यांना काढून टाकतो का? दुसऱ्या दिवशी आल्या की चहा देतो. मग स्वतःचा एक खाडा झाला तर लगेच राजीनामा कशाला? यावरही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास आहे, ९६ जणांवरचा, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले पण कोणाला १८ तर कोणाला २५४ असा हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे फिरतं ते विसर, त्यानेच लोकांचं बाविसाव्या दिवशी मन मोडतं. मी फक्त एक नियम ठेवला, लागोपाठ दोन खाडे नाहीत. तोही पावसाळ्यात मोडला दोनदा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय मोडून घेण्यापेक्षा घरात हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, सासूबाई म्हणाल्या अगं बस की, माझं डोकं गरगरतंय.

खाण्याचं लांबड लावत नाही. साखरेचा चहा चारवरून एकावर आला, पोळ्या तीनच्या दोन आणि उसळीची वाटी मोठी झाली, आणि उपास बंद केले कारण आमचं एकादशी दुप्पट खाशी चालायचं, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि वर दाण्याचं कूट. सासूबाईंना ते आवडलं नाही अजूनही. घरातलं राजकारण हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र प्रश्न विचार मग लिहिते.

माझं आजचं सांगते म्हणजे तुझ्या अपेक्षा भलत्या नकोत. सुरुवातीला ७८.४ होते, चौदा महिन्यांनी ७१. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे अजूनही जाडीच आहे. एचबीएवनसी तीन महिन्यांनी ६.० आणि वर्षाने ५.८, म्हणजे अजूनही कुंपणावरच. पण अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात प्रीडायबेटिसच्या लोकांना टार्गेट काय दिलं होतं, तर वजनाच्या ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, बस. त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, डायबेटिसची गोळी (मेटफॉर्मिन) दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. ७ टक्के म्हणजे माझे साडेपाच किलो. तुझे साडेसहा. ९४ चे ७० करायचे म्हणून बसलायस तू, त्याने धीर सुटणारच ना.

तर तुझी पिग्मी अशी. सातव्या मजल्यावर राहतोस ना, संध्याकाळी घरी येताना लिफ्ट पाचव्यावर सोड आणि दोन मजले चढ. एवढंच. हसू येतंय ना, येऊ दे, वीस रुपयांनाही लोक हसतातच. (छातीत दुखणं, चक्कर, गुडघ्याचं काही असेल तर आधी डॉक्टर, आणि एकदा शुगर-थायरॉइड-बीपी बघूनच घे, २९ म्हणजे लहान नाहीस.) महिनाभर पाचव्यावर उतरलास की चौथ्यावर उतर. जिमचं नाव सहा महिने काढू नको, फुकट ट्रायल दिली तरी.

आणि तो काटा पलंगाखाली सरकव. माझा तिथेच असतो, शनिवारी सकाळी बाहेर येतो, आकडा कालनिर्णयवर लिहिला की परत आत. मागच्या शनिवारी लिहायलाच विसरले.