टाकीची पातळी आणि ३ ते १५ पीएसआयचे गणित

प्रश्न : टाकीतील पातळीची मर्यादा ०.५ ते ४.५ मीटर आहे आणि ट्रान्समीटर (पातळी मोजून सिग्नल पाठवणारे उपकरण) ३ ते १५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) हवेचा सिग्नल देतो. पातळी २ मीटर असताना मी २ ला ४.५ ने भागून १५ ने गुणले. उत्तर ६.६७ आले, पण आमच्या सरांनी ते चूक ठरवले. असे का?

उत्तर : सरांचे म्हणणे बरोबर आहे. दोन्ही मापे शून्यापासून सुरू होत नसल्यामुळे दोन्हीकडची खालची मर्यादा आधी वजा करावी लागते. २ मधून ०.५ गेले की १.५ मीटर उरतात, आणि ४ मीटरच्या पल्ल्यात ते ३७.५ टक्के होतात. सिग्नलचा पल्ला १२ पीएसआय आहे, त्याचे ३७.५ टक्के म्हणजे ४.५, आणि त्यात सुरुवातीचे ३ मिळवले की ७.५ पीएसआय हे उत्तर मिळते. गेजवर १०.५ दिसत असेल, तर हेच गणित उलट करून पातळी ३ मीटर येते का, ते स्वतः पडताळून पाहावे. त्याशिवाय ही रीत हातात बसत नाही.

प्रश्न : सिग्नल शून्यापासून का सुरू करत नाहीत?

उत्तर : टाकी रिकामी आहे की हवेची नळी तुटली आहे, हे मग गेजवरून ओळखता आले नसते. ४ ते २० मिलिअँपिअरच्या विजेच्या सिग्नलमागेही हेच कारण आहे.

प्रश्न : पाण्याच्या उघड्या टाकीवरील ० ते ४ मीटरचा डीपी (दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजणारा) ट्रान्समीटर जागेअभावी तळाच्या टॅपिंगपासून (टाकीतील दाब घेण्याच्या जोडापासून) १ मीटर खाली बसवला. तेव्हापासून सिग्नल ३ पीएसआयने जास्त येतो, आणि ३ मीटरच्या वर तर काटा १५ च्या आसपासच अडकतो. ट्रान्समीटर बिघडला असेल का?

उत्तर : ट्रान्समीटर ठीक आहे, तो कृपया बदलू नये. खाली आलेल्या इम्पल्स लाइनमध्ये (टाकीचा दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या नळीमध्ये) १ मीटर पाणी कायम उभे असते आणि त्याचा ९.८१ किलोपास्कल दाब टाकीतील पाण्याच्या दाबात मिसळतो. आपली रेंज ० ते ३९.२४ किलोपास्कल असल्याने हा दाब तिच्या बरोबर चौथा हिस्सा आहे, आणि १२ पीएसआयचा चौथा हिस्सा ३ होतो. लाइनमधील हवेचे बुडबुडे काढून रेंज ९.८१ ते ४९.०५ किलोपास्कल अशी लावून घ्यावी. चूक प्रत्येक पातळीला सारखीच असेल, तर झिरो (रेंजची खालची मर्यादा) तपासावा. पातळीबरोबर ती वाढत असेल, तर स्पॅन (रेंजच्या दोन मर्यादांमधील पल्ला) तपासावा किंवा द्रवाची घनता बदलली आहे का, ते पाहावे. याच टाकीत ०.८३ सापेक्ष घनतेचे डिझेल भरले आणि पाण्यासाठी लावलेला स्पॅन तसाच ठेवला, तर टाकी काठोकाठ भरूनही सिग्नल १२.९६ पीएसआयच्या पुढे जाणार नाही.