खान्देशातला सर्व्हरलेस मेळावा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही जळगाव, भुसावळ आणि चोपडा भागातले आठ-दहा वेब डेव्हलपर आहोत. बहुतेक जण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम घरूनच करतो. सर्व्हरलेस या विषयावर खान्देशातल्या डेव्हलपरांचा एक दिवसाचा मेळावा जळगावला भरवावा असे मनात आहे. चाळीसेक जण येतील. जागा, दिवस आणि वक्ते यांचा विचार कसा करावा?
(एक वाचक, चोपडा)

उत्तर : जागा आणि वक्ते यांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी, असे मला मनापासून वाटते. संध्याकाळी घरी निघताना प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याने स्वतः लिहिलेले काय चालू असेल, हे आधी नक्की करा. ते एकदा ठरले की वक्ता किती बोलणार, इंटरनेट किती लागणार आणि जेवणाची सुट्टी केव्हा द्यायची, हे सगळे त्यावरून ठरत जाते.

माझी सूचना अशी की केळीचे भाव दाखवणारे एक छोटे पान सर्वांनी मिळून उभे करावे. रावेर-यावल पट्ट्यातला शेतकरी सकाळी भाव पाहतो, म्हणजे पानावरची गर्दी तास-दोन तासांची असते आणि उरलेला दिवस ते जवळजवळ पडून असते. अशा कामासाठी चोवीस तास भाड्याचा सर्व्हर चालू ठेवणे आणि विनंती आली की तेवढ्यापुरते जागे होणारे फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा छोटा तुकडा, लिहिणे, यातला फरक आपल्या भागातल्या मुलाला या उदाहरणातून लगेच कळतो. सर्व्हरलेसमध्ये सर्व्हर नसतो असा अनेकांचा समज असतो, तोही इथेच दूर करता येईल. सर्व्हर असतोच, परंतु तो उभारणे, अद्ययावत ठेवणे आणि गर्दी वाढली की वाढवणे हे काम क्लाउड कंपनी, म्हणजे आपले संगणक इंटरनेटवरून भाड्याने देणारी कंपनी, करते व फंक्शन जितका वेळ चालले तितक्याचेच पैसे घेते. मात्र पानावर भाव नमुन्याचेच टाका आणि तसे ठळक लिहा, कारण ते पान खरे भाव म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरले तर एखाद्या शेतकऱ्याचे खरोखर नुकसान होईल.

पहिल्या मेळाव्याला बाहेरचा मोठा वक्ता बोलावण्याची घाई करू नये. तुमच्यापैकीच दोघांनी आपण काय बांधले आणि ते कुठे अडकले हे पडद्यावर दाखवले, तर समोरच्याला प्रश्न विचारायला धीर येतो. उदाहरणार्थ, बराच वेळ न वापरलेल्या फंक्शनला सर्वांसमोर हाक मारा आणि उत्तर यायला किती वेळ लागला तो फळ्यावर लिहा, मग लगेच दुसऱ्यांदा हाक मारून तोही लिहा. ‘कोल्ड स्टार्ट’, म्हणजे निजलेल्या फंक्शनला जागे व्हायला लागणारा जादा वेळ, काय असतो हे त्या दोन आकड्यांतून जसे कळेल तसे वीस स्लाइडमधून कळणार नाही. बोलणे मराठीत असावे, तांत्रिक शब्द रूढ आहेत तसेच ठेवावेत, आणि कोणी अहिराणीत विचारले तर उत्तरही अहिराणीतच द्यावे.

जागेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. जळगावऐवजी अमळनेरचा विचार करावा. ते सुरत-भुसावळ मार्गावर असल्यामुळे नंदुरबार, दोंडाईचा, जळगाव आणि भुसावळ इथली मंडळी रेल्वेने येऊ शकतात, शिवाय धुळे आणि चोपडा इथून रस्त्यानेही ते जवळ पडते. आज संगणक क्षेत्रात नाव असलेली विप्रो १९४५ साली अमळनेरलाच वनस्पती तूप-तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली होती, ही गोष्ट आलेल्या मुलांना अवश्य सांगा.

दिवस ठरवताना एप्रिल-मेचे ऊन आणि आखाजी टाळालच, पण श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवारही सोडून द्या. त्या दिवशी घरोघरी कानबाई बसते आणि कोणीही घर सोडून येणार नाही. शेवटचे सत्र परतीच्या गाड्यांच्या वेळा पाहूनच ठेवा, विशेषतः मुलींना यायचे असेल तर.

एक अनुभव सांगतो. मी घेतलेल्या एका कार्यशाळेत चाळीस जणांनी एकाच इंटरनेट जोडणीवरून एकदम पॅकेजेस (कामाला लागणारे तयार कोडचे संच) उतरवायला सुरुवात केली आणि पहिला दीड तास नुसत्या पुढे सरकणाऱ्या पट्ट्या पाहण्यात गेला. लांबून आलेल्या मुलांचा तो वेळ वाया गेला, याची खंत मला अजून आहे. म्हणून लागणारी साधने दोन दिवस आधी घरूनच लॅपटॉपवर घालून आणायला सांगा आणि राहिलेल्यांसाठी तीन-चार पेन ड्राइव्ह भरून ठेवा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्लाउडचे खाते उघडायला कार्ड मागतात, ते माझ्याकडे नाही. वडिलांचे कार्ड दिले आणि मोठे बिल आले तर काय, अशी भीती वाटते.
(एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे आणि ती बोलून दाखवलीत हे चांगले केले. शिकण्यासाठी क्लाउडफ्लेअर वर्कर्स या फंक्शन चालवणाऱ्या सेवेच्या मोफत योजनेपासून सुरुवात करा. तिच्यासाठी कार्ड द्यावे लागत नाही आणि दिवसाला १,००,००० विनंत्या मिळतात. आयोजकांनीही पहिले सत्र याच मार्गाने घ्यावे, म्हणजे कार्ड नाही म्हणून कोणी मागे बसणार नाही.

अॅमेझॉनने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या लॅम्ब्डा या फंक्शन चालवणाऱ्या सेवेत महिन्याला १० लाख विनंत्या आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरीचे जीबी गुणिले चाललेले सेकंद) मोफत असतात. हिशेब असा मांडा. केळीभावाचे पान रोज ६,००० वेळा उघडले गेले, तर महिन्याला १,८०,००० विनंत्या झाल्या. प्रत्येक वेळी १२८ एमबी मेमरीचे फंक्शन ०.२ सेकंद चालले, तर एकूण वापर फक्त ४,५०० जीबी-सेकंद भरतो. फंक्शनमुळे बिल येण्याची शक्यता यात फार थोडी आहे. बिल चढते ते बहुधा डेटाबेस, साठवण आणि बाहेर जाणारा डेटा यांमुळे, किंवा फंक्शन स्वतःलाच पुन्हापुन्हा जागे करू लागले तर. समजा, एका बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फायली ठेवण्याच्या कप्प्यात) फोटो आला की त्याची लहान प्रत करणारे फंक्शन तुम्ही लिहिले आणि ती प्रतही त्याच बकेटमध्ये ठेवली. ती प्रत म्हणजे नवा फोटो समजून फंक्शन पुन्हा जागे होते, आणखी एक प्रत करते, आणि हे चक्र चालू राहते. प्रतींसाठी वेगळी बकेट ठेवली की प्रश्न मिटतो. खर्चाची सूचना लावून ठेवाच, मात्र ती केवळ कळवते, खर्च थांबवत नाही. कार्यशाळा संपल्यावर बनवलेले सर्व काही पुसून मगच लॅपटॉप मिटावा. आणि निवडलेला विभाग, म्हणजे तुमचे फंक्शन जिथल्या संगणकांवर चालणार ती जागा, अमेरिकेतला नसून मुंबईचा आहे ना, हेही पाहा. अॅमेझॉनचा मुंबईचा विभाग जून २०१६ पासून चालू आहे.

प्रश्न : माझी गिऱ्हाइके छोटी दुकाने आहेत आणि त्यांच्या वेबसाइटची कामे पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर नीट चालली आहेत. मेळाव्यात ‘सगळे सर्व्हरलेसवर न्या’ असेच सांगणार असाल तर मी यावे का?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : अवश्य यावे, आणि आयोजकांना माझी विनंती आहे की तुम्हालाच एक सत्र द्यावे. नीट चाललेली गोष्ट हलवण्याचे कारण नाही. उलट ती सर्व्हरलेसवर नेली तर गर्दीच्या वेळी फंक्शनच्या शेकडो प्रती एकदम उभ्या राहू शकतात, प्रत्येक प्रत मायएसक्यूएलशी आपली वेगळी जोडणी उघडते आणि डेटाबेसची जोडण्यांची मर्यादा संपून दुकानाची वेबसाइट बंद पडते. मध्ये जोडण्यांचा साठा सांभाळणारी सोय केली तर हे टळते, पण तिचा खर्च आणि देखभाल दुकानदाराला परवडायला हवी. वर्षअखेरचा मोठा अहवाल काढण्यासारखे लांबणारे कामही लॅम्ब्डात बसत नाही, कारण तिथे एक फंक्शन १५ मिनिटांपेक्षा जास्त चालू शकत नाही. तुमच्या एखाद्या दुकानाचा महिन्याचा होस्टिंगचा खर्च आणि गिऱ्हाइकांच्या भेटींचा आकडा दुकानदाराच्या परवानगीने सोबत आणा. त्यावर सर्वांनी मिळून हिशेब मांडला, तर दुपारचा तास सत्कारणी लागेल.