निळा दिवा लागतो, मग पाणी शुद्ध?

प्रश्न : ताई, आमचं पाणी शुद्ध करायचं यूव्ही (अतिनील किरणांचं) यंत्र चार वर्षांचं झालं. निळा दिवा अजून छान लागतो, म्हणजे पाणी शुद्धच ना? पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. मुलगा म्हणतो, टीडीएस ४५० आहे, यंत्रच बदला.
– एक वाचक, वाई

उत्तर : त्या निळ्या उजेडावर मीही एकदा फसलेय. आयुष्य पाणी तपासण्यात गेलं आणि घरचाच दिवा बदलायचा राहिला! एका पावसाळ्यात सहज यंत्रातलं पाणी एचटूएसच्या बाटलीत (पाणी जंतूंनी दूषित असलं की काळी पडणारी तपासणीची बाटली) भरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट.

जंतूंचा डीएनए बिघडवून त्यांची वाढ थांबवणारे किरण साधारण २५४ नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. दिसतो तो निळा उजेड नुसता सोबतीला. दिवा साधारण आठ-नऊ हजार तास नीट काम देतो, पुढे निळा दिसत राहतो पण किरण मंदावतात. वर्षाचे तास ८,७६०. तुमच्या यंत्रातला दिवा सतत चालू राहत असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थरही बसतो. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेत गावांसाठी यूव्ही यंत्र बनवलं, त्यात दिवा पाण्यात न बुडवता वर टांगला, म्हणजे थराची कटकटच नाही. आपल्याकडच्या यंत्रात मात्र नळी पुसून घ्यावी लागते. ते काम सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या. उघड्या दिव्याकडे बघू नका, डोळे भाजतात.

गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात, तिथे किरण पोचत नाहीत. असं पाणी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळा आणि सरळ उकळा. क्लोरीनसारखा यूव्हीचा असर मागे उरत नाही, म्हणून माठात हात बुडवू नका, ओगराळं वापरा.

चिरंजीवांना सांगा, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. मीटरला जंतू मोजता येत नाहीत आणि यूव्हीने क्षार घटत नाहीत. भारतीय मानकात ५००पर्यंत चालतं. तेवढ्यासाठी यंत्र बदलू नका, दिवा बदला. आणि बदलल्यावर ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात एचटूएसची बाटली मिळते का ते विचारा.