साउथ डकोटात फेझंटच्या शिकारीला कोणते बूट घालावेत?

तुमचा प्रश्न असा: मिनियापोलिसला नवीन आहात, ऑक्टोबरमध्ये ऑफिसातली मंडळी फेझंटच्या (रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याच्या) शिकारीला साउथ डकोटाला नेणार आहेत, पुण्याहून आणलेले ट्रेकिंगचे बूट चालतील का, की दुकानदार म्हणतो तसे चारशे डॉलरचे इन्सुलेटेड बूट घ्यावेत?

चारशे डॉलरचे घेऊ नका. ट्रेकिंगचे बूट घोट्याच्या वर येत असतील आणि सोल धड असेल, तर पहिल्या वर्षी तेही चालतील. नवेच घ्यायचे असतील तर आठ इंच उंचीचे, इन्सुलेशन नसलेले, हलके, चवड्याला चामडं आणि वर जाड नायलॉन असलेले बूट बघा. दोनशे ते तीनशे डॉलरमध्ये चांगले मिळतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे शिकार कधीच बंद झाली, म्हणून हे घरी कुणाला विचारताही येत नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फेझंटची शिकार म्हणजे मुख्यतः चालणं. माणसं एका ओळीत उभी राहतात, कुत्री पुढे, आणि सगळी ओळ शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. हा पक्षी उडण्याआधी पळतो, त्यामुळे थांबायला फारसं मिळत नाही. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात, आणि तेही वाटेवरून नव्हे. 1985 च्या कृषी कायद्यापासून सरकार शेतकऱ्यांना भाडं देऊन काही जमीन गवताखाली ठेवायला लावतं. हे सीआरपीचं (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम, या योजनेचं) गवत कमरेला, कधी छातीला लागतं. आपला पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि खाली गोफरने उकरलेले ढिगारे आणि बॅजरची बिळं असतात. त्यानंतर मक्याची कापलेली ताटं, आणि सखल भागात कॅटेलचे, म्हणजे आपल्या पाणकणसाचे, दाट पट्टे. आठ इंच उंची लागते ती यासाठी. सहा इंची बुटात गवताचा भुगा आणि कुसळं वरून आत जातात. दहा इंची बूट जड असतो आणि पोटरीला घासतो.

आता इन्सुलेशन. दुकानदाराला तुम्ही 'शिकार' म्हणालात, आणि इथे पुष्कळांच्या डोळ्यांसमोर लगेच हरणाची शिकार येते. नोव्हेंबरच्या थंडीत मचाणावर तासन् तास बसणाऱ्याला चारशे ग्रॅम थिन्सुलेटचे, म्हणजे जाड उबदार अस्तराचे, बूट हवेतच. तुम्ही बसणार नाही. चालणाऱ्याच्या पायाला त्यात घाम येतो, मोजे ओले होतात, कातडी मऊ पडते आणि दुपारपर्यंत टाचेला फोड येतो. डिसेंबरात तळी गोठल्यावर गेलात तर दोनशे ग्रॅमचा विचार करा. ऑक्टोबरात नको. वजनाचाही हिशेब आहेच: अमेरिकन लष्करासाठी झालेल्या अभ्यासांत पायातल्या एका किलोला पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतकी ताकद लागते असं दिसलं आहे. गवतात प्रत्येक पाऊल उंच उचलावं लागतं, तेव्हा हा आकडा पटतो.

गोअर-टेक्ससारख्या वॉटरप्रूफ अस्तराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. साउथ डकोटात बंदुकीचे बार सकाळी दहा वाजल्यापासून काढता येतात, पण तेव्हाही गवत दवाने किंवा विरघळणाऱ्या हिमाने चिंब असतं, म्हणून अस्तर उपयोगी पडतं. पण ते कायम टिकेल असं समजू नका. चवड्याजवळ बूट रोज जिथे दुमडतो तिथे ते आधी फाटतं, आत गेलेली रेती त्याला घासते, आणि चामडं अजून दहा वर्षं चालेल अशा बुटात पाणी यायला लागतं. शिवाय वरून पाणी शिरलं की ते बाहेर जात नाही. माझ्या मते पहिल्या बुटात अस्तर असू द्या, पण निव्वळ त्यासाठी शंभर डॉलर जास्त मोजू नका.

खरा वेळ घालवायचा तो मापात. भारतातला बुटाचा नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो. पुरुषांच्या अमेरिकन मापात तो साधारण एकाने वाढतो, म्हणजे तिथला आठ तो इथला नऊ. पण त्यावरही विसंबू नका. दुकानात पाय मोजायचं ब्रॅनॉकचं धातूचं माप असतं, त्यावर दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या आणि मोठ्या पायाचा नंबर धरा. इथे रुंदीचीही मापं असतात: साधं 'डी', रुंद 'डबल ई'. चप्पल-सँडलमध्ये वाढलेला पंजा पुष्कळदा रुंद असतो. असा माणूस 'डी'मध्ये पाय दाटला की एक नंबर मोठा घेतो, मग टाच सैल राहते आणि दिवसभर वरखाली घासते. रुंदी मागा, लांबी वाढवू नका.

खरेदीला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. शिकारीला घालणार तेच मेरिनो लोकरीचे मोजे बरोबर न्या. बूट बांधून उतरत्या फळीवर उभे राहा, आणि अशी फळी नसेल तर जिन्यावरून खाली या. बोटं पुढे आपटली तर तो बूट ठेवून द्या, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडेल. टाच किंचित उचलली गेली तर चालेल, चामडं रुळल्यावर ते कमी होतं. पण घोट्याच्या हाडावर काठ टोचत असेल तर 'रुळेल हळूहळू' या आश्वासनावर विश्वास ठेवू नका. एक बारीक गोष्ट: वरच्या भागात लेस अडकवायला उघडे हुक असतात की भोकं, ते पाहा. हुकांमध्ये गवत अडकतं आणि लेस सुटते. मी भोकांचेच घेतो, घालायला वेळ लागला तरी.

सोलचे दोन पंथ आहेत. खोल खाचांचा सोल चढावर पकड देतो, पण नांगरलेल्या ओल्या शेतात त्याला चिखल असा धरतो की विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चालल्यासारखं वाटतं. सपाट वेज सोलला, म्हणजे वेगळी टाच नसलेल्या एकसंध सोलला, चिखल कमी चिकटतो. सपाट मैदानी प्रदेशात म्हणूनच जुने शिकारी पांढऱ्या वेज सोलचे चामडी बूट वापरत आले. तुमच्यापासून तासाभरावर, मिसिसिपीकाठी रेड विंग गाव आहे. तिथल्या कंपनीने 1950 मध्ये तांबूस चामड्याच्या बुटांना आयरिश सेटर कुत्र्याचं नाव दिलं आणि 1952 मध्ये त्यांना हा सोल लावला. एखाद्या शनिवारी जाऊन या. दुकानात 2005 साली कंपनीच्या शताब्दीनिमित्त केलेला, माणसापेक्षा कितीतरी उंच असा अवाढव्य बूट ठेवलाय, मुलं खूश होतील. गोठलेल्या जमिनीवर आणि बर्फावर मात्र वेज घसरतो.

टिकाऊपणाचं गणित शिवणीत आहे. सोल वेल्टला, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीला, शिवलेला असेल तर झिजल्यावर बदलून घेता येतो. निव्वळ चिकटवलेला सोल सुटला की बहुतेक वेळा बूट गेला. शिवलेला बूट जड असतो आणि रुळायला वेळ घेतो. वर्षातून एकदाच जाणार असाल तर चिकटवलेला, हलका पुरे. आणि पुण्याचे जुने बूट वापरणार असाल तर आधी सोलच्या मधल्या थरात नख रुतवून बघा. पॉलियुरेथेनचा हा थर कपाटात पडून पडून, हवेतल्या दमटपणाने, आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि शेताच्या मध्यावर सोल भुसभुशीत होऊन गळतो.

पुढच्या वर्षी ही मंडळी उत्तर मिनेसोटात रफ्ड ग्राउज नावाच्या रानपक्ष्यासाठी नेतील. ते ओलं जंगल आहे, तिथे रबरी तळाचे बूट बरे. नेवाडा-आयडाहोच्या कड्यांवर चकोर मारायला जाणाऱ्यांना मात्र ताठ सोलचे, कडेला रबराची पट्टी असलेले पहाडी बूट लागतात. हो, तोच चकोर, आपल्या कवितेत चांदणं पिणारा. तो भारतीय उपखंडातून तिकडे नेऊन सोडलेला आहे.

विचारलं नाहीत तरी एक सांगतो. एच-1बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी अमेरिकेतला वैध शिकार परवाना खिशात हवा, हा केंद्रीय कायदा आहे. बुटांच्या आधी ते बघा.

हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, तेव्हा बूट सप्टेंबरच्या सुरुवातीलाच घ्या. पहिले काही दिवस घरात गालिच्यावरच घाला, म्हणजे नाही जमले तर परत करता येतात. मग रोज संध्याकाळी फिरायला. शेतातून आल्यावर ओले बूट हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रात्री एकदा बदला. लेसमध्ये रुतलेली कुसळं मात्र हातमोजे घालूनच काढा.