पहिल्या पिकवर लेफ्ट टॅकल घेतला की ओ-लाइनचं काम झालं का?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या तुमच्या टीमबद्दल तुमचं म्हणणं असं की क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) वर्षभर मार खात होता, तेव्हा एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडतात तिथे, पहिल्याच पिकवर (निवडीच्या संधीवर) एक दणकट लेफ्ट टॅकल उचलायचा, बाकीचं जमून येईल. (ओ-लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल.) शिवाय पुरावा म्हणून तुम्ही 2021 चे कॅन्सस सिटी चीफ्स दिलेत. पण चीफ्सनी त्या वर्षी केलं ते याच्या बरंच उलटं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

7 फेब्रुवारी 2021, टॅम्पा, सुपर बोल म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. बक्कनिअर्स 31, चीफ्स 9. एरिक फिशर, म्हणजे 2013 च्या ड्राफ्टचा अगदी पहिला पिक, त्याची टाच दोन आठवडे आधी एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात गेली होती. उजवीकडचा मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासूनच बाहेर. मग माइक रेमर्सला डावीकडे नेलं, गार्ड खेळणाऱ्या अँड्र्यू वायलीला उजव्या टॅकलला उभं केलं, आणि चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स रात्रभर चेंडू घेऊन मागे मागे पळत राहिला. बक्स (बक्कनिअर्स) फारसा ब्लिट्झही करत नव्हते, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडत नव्हते. चार माणसं यायची आणि तेवढी पुरायची. महोम्ससारखा माणूस असून चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही.

मार्चमध्ये त्यांनी फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही एकाच दिवशी सोडलं. पहिला मोठा खर्च केला तो टॅकलवर नाही, गार्डवर: जो थुनी, पाच वर्षं, 8 कोटी डॉलर. डावा टॅकल त्यांनी ड्राफ्टमधून घेतलाच नाही. पहिल्या फेरीचा पिक आणि आणखी काही पिक बाल्टिमोरला देऊन ऑर्लँडो ब्राउन आणला, म्हणजे एनएफएलमध्ये खेळून सिद्ध झालेला माणूस. नंतर 63 व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत, 226 व्या क्रमांकावर, ट्रे स्मिथ. स्मिथ एवढा खाली घसरला तो खेळामुळे नाही. कॉलेजात असताना त्याच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, आणि वैद्यकीय अहवाल वाचून भल्याभल्या टीमनी हात आखडता घेतला. उजवीकडे लुकस नियांग, ज्याने कोविडमुळे आधीचा मोसम खेळायचाच नाही असं ठरवलं होतं. सप्टेंबरमध्ये पाचच्या पाच नवे.

आता दोन वर्षं पुढे या. फेब्रुवारी 2023, पुन्हा सुपर बोल, समोर फिलाडेल्फियाचे ईगल्स, ज्यांनी त्या मोसमात 70 सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं) केले होते. चीफ्सनी 38-35 असा सामना जिंकला आणि महोम्सला एकही सॅक झाला नाही. (ग्लेंडेलचं गवत त्या रात्री घसरडं होतं आणि त्याचा त्रास पास रश करणाऱ्यांनाच, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांनाच, जास्त झाला, हे ईगल्सचे लोक आजही ऐकवतात. त्यात तथ्य आहेच.) पण उजव्या टॅकलला कोण होतं? तोच वायली, टॅम्पातला. दोन वर्षांत तो काही ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या यादीतला) झाला नव्हता. त्याच्या डावीकडची चार माणसं बदलली होती. मधले तिघं आपापली माणसं एकटे सांभाळत असल्यामुळे टाइट एंड किंवा रनिंग बॅक (गरजेला अडवायलाही उभे राहणारे खेळाडू) त्याच्या बाजूला मदतीला ठेवता येत होता. टॅम्पात मदत द्यायची कुणाकुणाला, हाच प्रश्न होता.

मला सांगायचंय ते एवढंच. ओ-लाइनची ताकद तिच्या सगळ्यात चांगल्या माणसावर ठरत नाही, सगळ्यात कच्च्या माणसावर ठरते. कबड्डीतली साखळी आठवा. एकाचा हात सुटला की चढाईवाला तिथूनच निसटतो, बाकीचे कितीही पट्टीचे असोत. समोरचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाची आखणी करणारा कोच) आठवडाभर व्हिडिओ पाहून तो सुटणारा हातच शोधत असतो.

स्टंट, म्हणजे समोरच्या दोघांनी वाटा बदलून घुसायची चाल, एकदा व्हिडिओवर सावकाश लावून बघा म्हणजे पटेल. समोरच्यांचा बाहेरचा एज रशर (टोकावरून धावून येणारा) दोन पावलं टॅकलच्या अंगावर येतो आणि अचानक आत वळतो. त्याच वेळी त्यांचा आतला डिफेन्सिव्ह टॅकल आपल्या गार्डला खांद्याने ढकलत बाहेर जातो. आता आपल्या टॅकलने आपला माणूस सोडून गार्डचा घ्यायचा, गार्डने टॅकलचा घ्यायचा, आणि ही अदलाबदल अर्ध्या सेकंदात, न बोलता. दोघं एका रेषेत असतील तर होते. टॅकल अर्धा यार्ड जास्त मागे गेला असेल तर मधे दार उघडतं. टीव्हीवर समालोचक म्हणतो, गार्ड हरला. दर वेळी गार्डच हरलेला असतो असं नाही. अशा वेळी तुम्ही गार्ड बदलाल आणि पुढच्या वर्षी तेच दार पुन्हा उघडेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून ऑफसीझनचं पहिलं काम निदान. सॅकचा आकडा हा काही एकट्या ओ-लाइनचा आकडा नव्हे. चेंडू साधारण अडीच सेकंदांत हातातून गेला पाहिजे अशा पासवर क्वार्टरबॅक चार सेकंद धरून बसला तर जगातला कुठलाही टॅकल त्याला वाचवू शकत नाही. प्रेशर किती वेळा आलं हे बऱ्याच अंशी लाइन सांगते. त्या प्रेशरचे सॅक किती झाले हे बरंचसं क्वार्टरबॅकच्या सवयीवर जातं. तुमच्या टीमचे सगळे सॅक एकदा ओळीने बघा आणि प्रत्येकापुढे लिहा: कोण हरला, किती सेकंदाला, पुढे किती जण आले होते. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानंतर मत बदलतं. निम्मे सॅक एका माणसाच्या खात्यावर निघाले तर गोष्ट सोपी. पाचही जणांत वाटले गेले असतील तर मामला कोच, कॉल्स आणि क्वार्टरबॅकचा आहे, आणि त्यावर टॅकल हा उपाय नाही.

याचं ताजं उदाहरण म्हणजे शिकागो बेअर्स. 2024 मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला 68 सॅक. तुमच्या हिशोबाने बेअर्सनी 2025 च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या पिकवर टॅकलच घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला टाइट एंड, कोल्स्टन लव्हलँड. हे त्यांना परवडलं कारण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच मधले तिन्ही माणूस बदलून झाले होते: कॅन्सस सिटीकडून तोच जो थुनी ट्रेडने (चौथ्या फेरीच्या एका पिकवर, हे अजूनही खरं वाटत नाही), रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि सेंटर ड्रू डॅलमन 4.2 कोटी डॉलरच्या करारावर. डाव्या टॅकलसाठी दुसऱ्या फेरीत ऑझी ट्रापिलो घेतला आणि जागा शर्यतीवर सोडली. ती जागा वर्षभर थोडी डळमळीतच राहिली. तरी विल्यम्सचे सॅक निम्म्याहून खाली आले. यात हेड कोच बेन जॉन्सनच्या प्ले-कॉलिंगचा (कुठली चाल खेळायची ते ठरवण्याचा) आणि विल्यम्स स्वतः चेंडू लवकर सोडायला शिकला त्याचा वाटा मोठा आहे, एकट्या थुनीची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. पण आतून येणारं प्रेशर थांबलं की क्वार्टरबॅकला पुढे पाऊल टाकायला जागा मिळते, आणि मग बाहेरचा टॅकल थोडा हरला तरी रशर क्वार्टरबॅकच्या मागून वळसा घालून जातो. आतूनच कोसळलं तर पळायला जागाच उरत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मार्च, मग एप्रिल. फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या मार्चमधल्या बाजारात) स्टार मिळाला नाही तरी चालेल, पाचही जागी निदान चालणारा माणूस हवा, म्हणजे ड्राफ्टच्या रात्री हात दगडाखाली नसतो. खड्डा तसाच ठेवून ड्राफ्टला गेलात तर अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ड्राफ्टमधले टॅकल अपयशीच ठरतात असं मी म्हणत नाही. ट्रिस्टन वर्फ्स तेराव्या पिकवर गेला, पेनी सूल सातव्यावर, आणि दोघांनी आपापल्या टीमचं भलं केलं. पण सातव्याच पिकवर 2022 मध्ये जायंट्सनी इव्हन नील घेतला, आणि 2025 मध्ये त्याचा पाचव्या वर्षाचा ऑप्शनही (पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार एक वर्ष वाढवायचा टीमचा हक्क) उचलला नाही. कॉलेजातून येणारी मुलं आता बहुतेक स्प्रेड ऑफेन्समधून (खेळाडू मैदानभर पांगवून खेळायच्या पद्धतीतून) येतात. जमिनीला हात टेकून समोरच्याच्या अंगावर जायची सवय त्यातल्या बऱ्याच जणांना नसते. ती लावायला वेळ लागतो, आणि ऑफसीझनमध्ये नेमका तोच नसतो.

वेळ नसतो म्हणजे काय? एप्रिल ते जून जे काही सराव होतात ते पॅडशिवाय. खेळाडू संघटनेच्या कराराने अंगाला अंग लावायला बंदी आहे. रिसीव्हर चड्डी-टीशर्टवर रूट धावू शकतो, क्वार्टरबॅक पास टाकू शकतो. लाइनमनचं कामच धक्क्याचं, ते तो धक्क्याशिवाय शिकणार कसं? पॅड चढतात ते जुलैच्या शेवटी, कॅम्प सुरू झाल्यावरही काही दिवसांनी. प्रीसीझनचे सामने तीन, त्यात मुख्य खेळाडू जेमतेम दिसतात. मोसम सुरू झाला की पॅडचे सराव एकूण 14. जून-जुलैत बरेच लाइनमन टेक्सासात ड्यूक मेनीवेदरसारख्या खासगी प्रशिक्षकाकडे जातात ते यामुळेच. हाताचा पंच आणि पावलांचं काम तिथे सुधारतं. पण शेजाऱ्याशी जुळवून घेणं तिथे शिकता येत नाही, कारण शेजारी दुसऱ्याच टीमचा असतो.

याचा फटका कसा बसतो ते बेंगल्सकडे बघा. 2021 च्या मोसमात त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो टायटन्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात नऊ वेळा सॅक झाला आणि सुपर बोलमध्ये सात. त्यांनी 2022 च्या मार्चमध्ये शहाण्यासारखं केलं: अॅलेक्स कॅपा, टेड करास, लाएल कॉलिन्स, तीन अनुभवी माणसं. कागदावर मी तरी यात काही खोट काढली नसती. पण कॅम्पमध्ये कॉलिन्स पाठीमुळे बाजूला, बरोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, आणि पाच जण एकत्र असे खेळलेच नाहीत. पहिल्या दोन सामन्यांत 13 सॅक. टीव्हीवर लगेच ओरड, पैसे पाण्यात गेले. हळूहळू लाइन जमत गेली आणि पुढे टीमने ओळीने दहा सामने जिंकले. पण त्याच ओघात, मोसमाच्या शेवटी आणि प्लेऑफच्या सुरुवातीला, कॉलिन्स, कॅपा आणि डावा टॅकल जोना विल्यम्स, तिघंही जायबंदी झाले. कॅन्सस सिटीत बरोला पाच सॅक आणि 23-20 ने घरी. तेव्हा सहावा आणि सातवा माणूस हा चैनीचा भाग समजू नका. सतरा सामन्यांत पाचही जण टिकले असं फार थोड्या टीमच्या नशिबी येतं. माझ्या मते मार्चमधला सगळ्यात कमी कौतुक झालेला चांगला सौदा म्हणजे दोन्ही बाजूंना टॅकल खेळू शकणारा तिशीतला बदली खेळाडू.

पैशाची एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फ्रँचायझी टॅगमध्ये (करार संपलेल्या एका खेळाडूला ठरलेल्या पगारावर वर्षभर रोखून ठेवायच्या हक्कात) ओ-लाइनच्या पाचही जागा एकाच गटात धरतात. त्यामुळे गार्डला टॅग लावला तरी आकडा टॅकलचा पडतो. 2025 मध्ये चीफ्सनी ट्रे स्मिथला टॅग लावला तो 2.34 कोटी डॉलरचा. नंतर चार वर्षांचा 9.4 कोटींचा करार झाला. सहाव्या फेरीतल्या, वैद्यकीय अहवालामुळे मागे पडलेल्या मुलासाठी हे छानच झालं, पण त्याच हिशोबात थुनी शिकागोला गेला. पाचव्या वर्षाच्या ऑप्शनचंही हेच गणित, म्हणून पहिल्या फेरीत गार्ड किंवा सेंटर घेताना टीम बिचकतात. आणि म्हणूनच चांगले सेंटर दुसऱ्या फेरीपर्यंत उरतात. हम्फ्री 63 वा, फिलाडेल्फियाचा कॅम जर्गन्स 51 वा.

कोचचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे एकच सांगतो. फिलाडेल्फियात जेफ स्टाउटलंड 2013 मध्ये ओ-लाइनचे कोच म्हणून आले, हेड कोच बदलत गेले तरी ते राहिले, आणि आयुष्यात अमेरिकन फुटबॉल न खेळलेल्या जॉर्डन मेलाटा नावाच्या ऑस्ट्रेलियन रग्बी खेळाडूचा त्यांनी डावा टॅकल करून दाखवला. सातव्या फेरीचा पिक होता तो. तुमच्या टीमने गेल्या पाच वर्षांत ओ-लाइनचे किती कोच बदलले ते मोजा. दर दोन वर्षांनी नवा कोच, नवी झोन-गॅपची (अडवायच्या पद्धतींची) भाषा, नवी पावलं असेल तर पहिल्या पिकवर कुणीही घ्या, त्याची माती होणार.

तेव्हा तुमच्या टीमसाठी मी काय करेन? सेंटर आधी. डिफेन्स ओळखून बाकीच्यांना कॉल देणारा तो असतो, तो ठाम असला की दोन्ही गार्ड अर्ध्या पायरीने सुधारतात. मग मार्चमध्ये एक सिद्ध गार्ड, थोडे जास्त पैसे मोजून. बदली टॅकल एक. एवढं झाल्यावर पहिल्या पिकवर खरंच वरच्या दर्जाचा टॅकल समोर आला तर जरूर घ्या, माझी काही हरकत नाही, आणि त्याला पहिलं वर्ष उजवीकडे खेळू द्या. नसेल तर दुसरा कुठलाही चांगला खेळाडू घ्या आणि टॅकल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत शोधा.

पॅड चढल्यावर ऑगस्टमध्ये बातम्यांत वन-ऑन-वन ड्रिलचे व्हिडिओ येतील. त्यावर जाऊ नका, त्या ड्रिलमध्ये मोकळं मैदान असतं आणि रशर जिंकणारच. पाच जणांचा पहिला गट रोज तोच उभा राहतोय का, एवढंच बघा.