पायलट व्हायचंय? आधी हे वाच

भावा, स्कोप आहे का विचारतोयस तर आहे, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, म्हणजे माणसं लागणारच. पण ऑर्डर दिली म्हणजे उद्या विमान दारात उभं राहत नाही, डिलिव्हरी यायला वर्षानुवर्षं जातात, आणि पायलट ट्रेनिंगचे जाहिरातवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे प्रवासी वाढले की कंपनी तगतेच असं नाही. किंगफिशर २०१२ ला, जेट २०१९ ला आणि गो फर्स्ट २०२३ ला बंद पडली, प्रवासी असूनही! इंधन महाग, कंपनी विमानं भाड्याने घेते ते भाडं डॉलरमध्ये, तिकीट मात्र सगळ्यांना स्वस्त पाहिजे, मग उरतं काय?

त्यामुळे घर गहाण टाकून लोन काढायच्या आधी डीजीसीएची (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) क्लास टू आणि मग त्याहून कडक क्लास वन मेडिकल तपासणी करून घे, माझ्या बॅचमधल्या एकाने आधी फी भरली आणि डोळ्यांवरून अडकला, पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात, वर टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा, खर्च वेगळा, तो धरूनच हिशोब कर.

आणि खरं सांगू का, विमान उडवण्यापेक्षा उघडून बघायची आवड असेल तर एएमईचा, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरच्या कोर्सचा, विचार कर, तिकडे कोणी फारसं बघत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना तुझं?